आक्का, तुमची विजेची गाडी

आक्का, मी फार थकले आहे. घरात हे कुणाला सांगावं तर सगळेच थकलेले. तुमच्या लेकी काल सुरतहून आपापल्या गावी परतल्या, मांडववाल्याने खुर्च्या उचलून नेल्या, आणि दाराशी चपलांचा ढीग होता तिथली फरशी कितीतरी दिवसांनी दिसली. दुपारी जरा आडवी झाले तर झोप येईना. इतके महिने तुमच्या खाटेशेजारी बसल्या बसल्या डुलक्या काढायची सवय लागली. आता सपाट गादीवर पाठ टेकली की डोळे टक्क उघडतात. मग उठले आणि म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. जावेचं ऐकायला जाऊच लागते.

लोक आले, चांगलं बोलले. आपल्या लिंबायतच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आक्का कधी कुणाला तोडून बोलल्या नाहीत. हे साफ खोटं आहे. तुम्ही दिवसातून एकाला तरी तोडून बोलायचात, आणि तो एकजण बहुतेक वेळा मीच असायचे. बोलता बोलता सगळ्यांची नजर माळ्याच्या शिडीकडे जायची. शेवटी समोरच्या मंगलाने विचारलंच, "वर ती गाडी अजून आहे ना?" मी मान हलवली. "बिचारी," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

बिचारी! तुम्ही तिथे असतात तर मंगलाला चहा न देता वाटेला लावलं असतं.

धाकटी लेक नांदायला गेली त्या वर्षीची गोष्ट. दिवसा तुम्ही बॉबिन भरायच्या कारखान्यात जायचात, मी बालवाडीत, आणि संध्याकाळी आपण दोघी तयार साड्यांचे लोंबते धागे कापायला बसायचो. एकदा कापून झालेल्या साड्यांचं गाठोडं घेऊन तुम्ही व्यापाऱ्याच्या अठवा लाइन्सच्या बंगल्यावर गेलात आणि दिवेलागण झाली तरी परत नाही. मला वाटलं, एखाद्या साडीला कात्री लागली असणार, बोलणी खात बसल्या असतील. आलात, तांब्याभर पाणी प्यायलात, आणि म्हणालात, "शोभा, त्यांच्या दिवाणखान्यात आगगाडी पळत होती."

"खेळण्यातली?"

"खेळण्यातली कसली! विजेवरची. तोंडाला दिवा होता तिच्या. सोफ्याखाली गेली की अंधारात उजेड पडायचा, आणि दुसऱ्या अंगाने बाहेर."

"त्यांच्या पोराची असेल."

"पोरगं टीव्हीसमोर बसलं होतं. गाडीकडे बघतसुद्धा नव्हतं. मीच बघत होते." मग म्हणालात, "शेठाणी दोनदा म्हणाली, बेन, तुमचं काम झालं. माझे पायच निघेनात."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. ताटातल्या भातावर बोटाने लंबगोल काढून तुम्ही मला दाखवत राहिलात की रूळ असे वळतात, आणि असा एक फाटा निघतो.

पुढच्याच रविवारी मला घेऊन चौटा बाजारात गेलात. बांगड्या, पिना, परकराच्या नाड्या अशा दुकानांच्या गर्दीतून आपण खेळण्यांच्या दुकानात शिरलो. गादीवरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "छोकरा माटे?"

"ना."

"तो दीकरीना छोकरा माटे?"

"ना," तुम्ही म्हणालात, "मारा माटे."

स्वतःसाठी! काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी खुलासा करीन असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांच्या पंख्याकडे बघत राहिले. त्यांनी प्लास्टिकची, सेलवर चालणारी लाल गाडी काढली, जमिनीवर सोडली, ती खडखडत जाऊन माझ्या पायावर आपटली. "ही नाही," तुम्ही गुजराती-मराठीची खिचडी करत सांगितलं, "प्लगवाळी. रूळांतून वीज येते ती."

काका थोडे सरसावून बसले. मग स्टुलावर चढून अगदी वरच्या फळीवरून त्यांनी एक खोकं उतरवलं. आफ्रिकेहून परतलेल्या कुठल्याशा कुटुंबाने ते त्यांच्याकडे विकायला दिलं होतं. आत थर्माकोलच्या खाचांत एक काळं इंजिन, तपकिरी डबे, वळणाचे आणि सरळ रूळ, आणि वेग कमी-जास्त करायच्या गोल खटक्याचा एक डबा. तुम्ही इंजिन तळहातावर घेतलंत आणि पहिलं वाक्य बोललात ते असं, "जड आहे गं." एखादं तान्हं बाळ घेतल्यावर बायका बोलतात त्या सुरात नाही. बाजारात वांगं घेताना बोलतात त्या सुरात. मला ते आवडलं होतं, म्हणून सांगते. मंगलासारख्यांना वाटतं, मुली गेल्या म्हणून तुम्ही गाडीत जीव रमवलात. तसं काही नव्हतं. तुम्हाला गाडी आवडली, इतकंच होतं.

त्या वेळी तुमची भिशी लागली होती. बायका भिशीतून कानातलं करतात, तुम्ही इंजिन केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी लूमची रातपाळी करून आले तेव्हा घरभर रूळ पसरलेले. ते रूळ ओलांडून मोरीत गेले, अंघोळ केली, रूळ ओलांडून जेवायला बसले, जेवून झोपले. संध्याकाळी उठल्यावर कुठूनसे प्लायवूडचे दोन तक्ते घेऊन आले आणि माळ्यावर ठोकाठोक करून एक बुटकं टेबल उभं केलं. बोलले काहीच नाहीत. तुम्हीही विचारलं नाही. तुम्हा दोघांचा संसारच तसा होता. मी आणि आमचे हे एका मिठाच्या पुडीवरून तासभर भांडायचो, आणि तुमच्याकडे टेबल मुकाट्याने तयार व्हायचं.

पहिल्या महिन्यात गाडी सारखी अडायची. तुम्ही रूळ पुसायचात, घासलेटचा बोळा फिरवायचात, तरी दोन फेऱ्या झाल्या की गचके खात थांबायची. मग एकदा इंजिन उलटं करून पाहिलंत तर चाकांच्या आसांना धागे गुंडाळलेले. गुलाबी, मोरपंखी, नारिंगी. आपण कापलेल्या साड्यांचे धागे हवेत उडायचे, माळ्यावर जाऊन बसायचे, आणि गाडी ते गोळा करायची. तुम्ही सुईच्या टोकाने एकेक तंतू ओढून काढलात, आणि म्हणालात, "हिला पण आपल्यासारखंच. कितीही झटकलं तरी अंगाला चिकटतंच." तेव्हापासून धागे कापायचं काम आपण ओसरीत करू लागलो. गाडीमुळे घर स्वच्छ राहू लागलं, हे भाऊजींनीही कबूल केलं असतं, बोलले असते तर.

मग सुरू झालं आपलं हिंडणं. डबा जोडायची कडी तुटली, चला चौटा बाजार. रुळाचा फाटा हवा, चला शनिवारी भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारात. त्या बाजारात बिघडलेले पंखे, जुने टेलिफोन, एका पायाच्या खुर्च्या यांच्या ढिगात तुम्ही उकिडव्या बसून तासन्‌तास उकरायचात. कधी हाताला फक्त एक डबा लागायचा, तोही चाकांविना. कधी काहीच नाही. आक्का, लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हापासून मला माहीत होतं ते घर, बालवाडी, दवाखाना आणि भाजीबाजार. तुमच्या गाडीच्या निमित्ताने मी सुरत पाहिली. तापीवरचा जुना पूल पाहिला, किल्ल्याच्या भिंतीला टेकून उसाचा रस प्यायले, नानपुऱ्याच्या गल्ल्यांत वाट चुकले. घरी कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, "आक्कांच्या गाडीचं सामान आणायचं आहे." दोन बायका नुसत्या बाहेर निघाल्या तर दहा प्रश्न. सामान आणायला निघाल्या तर एकही नाही.

मग प्लेगचं वर्ष आलं. एका दिवसात गल्ली रिकामी होऊ लागली. कुणी म्हणे रुग्णालयातून माणसं पळाली, कुणी म्हणे पाण्यातच विष आहे. तोंडाला रुमाल बांधून आपण उधना स्टेशनवर पोचलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजींनी खिडकीतून मला आत ढकललं, माझ्या मुलीला माझ्या मांडीवर टाकलं, आणि मग तुम्ही आलात, पोटाशी एक फडक्याचं गाठोडं धरून. गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने भाऊजींनी विचारलं, "काय आहे त्यात?"

तुम्ही फडकं सोडून दाखवलंत. काळं इंजिन.

त्या दिवशी मी भाऊजींना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "माणसं जीव वाचवायला निघाली आहेत!" ते ओरडले. डब्यातले सगळे वळून पाहू लागले.

"मी पण," तुम्ही म्हणालात, आणि फडकं परत बांधलंत.

दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी पोचलो तर सुरतहून आलेल्यांना कुणी दारात उभं करेना. सासूबाईंनी मात्र ओसरीत घोंगड्या टाकून दिल्या. आठवडाभर आपण सगळे एकमेकांच्या कपाळाला हात लावून ताप बघत होतो. मुलीला साधी शिंक आली तरी मी तिचं कपाळ पुन्हा चाचपायचे. अशाच एका दुपारी सासूबाईंना तुमचं गाठोडं दिसलं.

"काय शे व ते?"

"इंजिन शे, आत्याबाई."

"भांडा सोडीसन इंजिन लई उनी तू?"

घरची भांडी सोडून इंजिन आणलेलं! मला वाटलं, आता खैर नाही. सासूबाईंपुढे भाऊजींचीसुद्धा मान वर होत नसे. पण तुम्ही उठलात, शेजारच्या वाड्यात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणलीत, इंजिन पालथं धरलंत, आणि दोन वायरींची टोकं दोन बाजूंच्या चाकांना लावलीत. चाकं गर्रकन फिरली. दिवा लागला. रूळ नाहीत, डबे नाहीत, तुमच्या हातात पालथं इंजिन, आणि त्याची चाकं हवेत भिरभिरत होती.

सासूबाईंनी आधी दुरून पाहिलं. मग जवळ आल्या. मग हळूच एक बोट चाकाला लावलं आणि झटक्याने मागे घेतलं. "गुदगुल्या करस ती!" त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की आतून माणसं धावत आली. मी त्या बाईंना लग्नात हसताना पाहिलं नव्हतं, बारशाला नव्हतं. त्या दिवसांत आख्ख्या गावात हसण्यासारखं काही नव्हतं. रात्री जेवताना भाऊजींनी स्वतः ते इंजिन फडक्यात बांधून उंच कोनाड्यात ठेवलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. तुम्हीही वाट पाहिली नाही.

साथ ओसरल्यावर परत आलो, आणि त्या दिवाळीत आपलं ते भांडण सुरू झालं, जे काही शेवटपर्यंत मिटलं नाही. मला वाटत होतं, टेबलावर स्टेशन हवं. मी बालवाडीतून पुठ्ठे आणले होते, रंग आणले होते. आपल्या गावाकडचं स्टेशन करायचं, पिवळी पाटी, एक बाक, एक पिंपळ, पाण्याचा नळ. तुम्ही म्हणालात, "नको."

"का नको? स्टेशनशिवाय गाडी असते का?"

"स्टेशन केलं की कुणीतरी उतरणार. उतरलं की चहा मागणार."

"आक्का, पुठ्ठ्याची माणसं चहा मागतात?"

"मागतात. तुला ठाऊक नाही." मग खटका सावकाश फिरवत तुम्ही म्हणालात, "मी गाडीत बसले ते कायम कुणाच्या तरी बाळंतपणाला, नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याला. उतरले की पदर खोचायचा आणि चुलीपुढे बसायचं. एखादी गाडी असू दे की, जिथून उतरायचं नाही."

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पटत नाही. स्टेशन आलं की माणसाला कुणी भेटतं, आक्का. कुणी घ्यायला आलेलं असतं. मी नवी नवरी म्हणून सुरत स्टेशनवर उतरले तेव्हा माझी ट्रंक तुम्ही उचलली होतीत. हे मी तुम्हाला त्या वेळी सांगायला हवं होतं, वाद जिंकला असता. पण मला तेव्हा पिंपळाच्या पानांचं पडलं होतं. पुढे दर दिवाळीला मी विषय काढायचे, तुम्ही नको म्हणायचात, आणि पुठ्ठे खाटेखाली परत जायचे.

मग नानपुऱ्याची गोष्ट. ती मी रुग्णालयात तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होते, तुम्हीच सांगायला लावत होतात, तरी आणखी एकदा सांगते.

तुम्हाला कधीपासून वर दांडी असलेलं इंजिन हवं होतं, मुंबई लाइनवर तारेखालून पळतं तसं. आपल्या भुसावळ लाइनला तेव्हा डिझेल. चौटा बाजारातल्या काकांनी एक दिवस सांगितलं, नानपुऱ्यात एक पारशी म्हातारी आहे, नवऱ्याच्या मागे त्याची गाडी विकायला काढली आहे, तसंच इंजिन आहे. आपण अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. खोरशेदबाई, पातळ पांढऱ्या केसांच्या, फुलाफुलांचा झगा, पायांत सपाता. आतल्या खोलीत जेवणाच्या मेजाएवढा सगळा पसारा धुळीखाली, आणि मधोमध ते हिरवं इंजिन, डोक्यावर दांडी घेऊन.

"चालती नथी," त्या म्हणाल्या. नवरा गेल्यापासून चालली नव्हती. "जशी आहे तशी न्या."

जशी आहे तशी न्यायला काय हरकत होती? पण तुम्ही पदर खोचून बसलात. पिशवीतून घासलेटची बाटली, फडकं, सुई काढलीत. रूळ पुसलेत, चाकं पुसलीत, कुठली तरी सुटलेली वायर दाताने सोलून बसवलीत. मी घड्याळाकडे बघतेय. खोरशेदबाई दाराशी उभ्या. शेवटी तुम्ही खटका फिरवलात आणि ते हिरवं इंजिन कुरकुरत, मग झुळझुळत निघालं.

खोरशेदबाई पुढे आल्या. "मला देता?" त्यांनी विचारलं. त्यांनी खटक्यावर हात ठेवला, थोडा पुढे केला, गाडी वेगात आली, घाबरून मागे केला. मग पुन्हा पुढे. आपल्याकडे न बघता म्हणाल्या की उभ्या आयुष्यात नवऱ्याने त्यांना या खटक्याला हात लावू दिला नव्हता. तुला जमणार नाही, म्हणायचा. त्या गाडी चालवत राहिल्या. आपण उभ्या राहिलो. पुष्कळ वेळाने त्यांनी मान वर केली आणि अगदी ओशाळून म्हणाल्या, "बेन, मारे नथी वेचवी."

विकायचीच नाही म्हणे! रस्त्यावर आल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "आधी विकत घ्यायची, मग दुरुस्त करायची! एवढं तरी कळायला हवं होतं!" तुम्ही भिंतीला टेकून हसत होतात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, हातचं गेलं की गं," म्हणायचात आणि परत हसायचात. येणारे जाणारे बघत होते. शेवटी मलाही हसू आलं. बसमध्ये आपण एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, पुन्हा फुटू म्हणून.

ते इंजिन आपल्याला कधीच मिळालं नाही. पण दर महिन्याला एकदा नानपुऱ्याला जाणं सुरू झालं. खोरशेदबाई पुदिन्याचा चहा करायच्या, सोबत सुरती बटासे, ती खुसखुशीत खारी बिस्किटं. मग तुम्ही दोघी त्या मेजाशी, एकीचा हात खटक्यावर, दुसरीचा फाट्यावर. तुम्ही त्यांना रूळ पुसायला शिकवलंत. त्या तुम्हाला नवऱ्याच्या तक्रारी सांगायच्या. मी खिडकीशी बसायचे.

मग तुमच्या पोटात दुखू लागलं. तुम्ही ते अंगावर काढलंत, बॉबिनवर उभं राहून राहून दुखतं म्हणालात. डॉक्टरांनी गाठ सांगितली तोवर ती पसरली होती. पुढचं सारं तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगणार नाही. इतकंच सांगते की मला अजूनही दवाखान्याच्या जिन्याची स्वप्नं पडतात, आणि जिना संपत नाही.

वॉर्डात मी डबा घेऊन आले की तुमचा पहिला प्रश्न, "चालवलीस का?" गाडी पडून राहिली की चाकं जाम होतात, रोज दोन फेऱ्या झाल्याच पाहिजेत. मी चालवत होते, आक्का. बालवाडीतून यायचं, कणीक भिजवायची, मग शिडी चढायची, दोन फेऱ्या, खाली उतरायचं, पोळ्या लाटायच्या, डबा भरायचा. कधी गाडी अडली तर माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, दुःखाने नव्हे, वैतागाने. सुई घ्या, धागे काढा, पुन्हा शिडी. एकदा मी खटका चालू करून तक्त्यावर डोकं टेकवलं आणि तशीच झोपले. जाग आली तेव्हा गाडी कानाशी फिरतच होती.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारणं बंद केलंत. तेव्हा मला कळलं.

काल सगळे गेल्यावर भाऊजी माळ्यावर गेले. बराच वेळ वर होते. खाली आले आणि समोर बसले. म्हणाले, "शोभा, गाडी तू घे. तिच्यासारखीच तुला आवड. तुझ्या हाताखाली नीट राहील."

मी इतकी थकले होते, आक्का, की खोटं बोलायलाही अंगात त्राण नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, मला गाडीची आवड नाही. कधीच नव्हती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दुखावले. मी म्हटलं, "एक डबा दुसऱ्या डब्यासारखाच दिसायचा मला. आक्का जायच्या म्हणून मी जायचे."

भाऊजी हळूहळू मान हलवू लागले. आणि त्या अबोल माणसाने मला जे सांगितलं, ते सांगायला मी एवढं सगळं बोलत आले. म्हणाले, "ती म्हणायचीच. म्हणायची, शोभाला त्यातलं काही गोड वाटत नाही. दुकानात उभी राहून पंखे मोजते. पण सोबत येते. ती नसली तर मला त्या दुकानाची पायरी चढवत नाही."

मग मी उठून चहा ठेवला.

आज सकाळी खोरशेदबाईंकडे गेले होते. तुमचं कळवायचं राहिलं होतं. त्या रडल्या नाहीत, माझा हात धरून बसल्या. मग विचारलं, तुमच्या गाडीचं काय करणार. मी म्हटलं, तुम्ही घ्याल? त्या म्हणाल्या, मेज मोठं आहे, दोन्ही गाड्या मावतील. भाऊजींना विचारलं, ते हो म्हणाले. या रविवारी आमचे हे रिक्षाने सगळं पोचवतील. मी सोबत जाईन. पुदिन्याचा चहा पिईन. पुढच्या महिन्यात जाईन की नाही, ठाऊक नाही. आत्ता तर मला पुढच्या आठवड्याचंही काही ठाऊक नाही.

फक्त एक राहून राहून मनात येतं, आणि ते भांडणच आहे, पण तुमच्याशी नाही भांडायचं तर कुणाशी? तुम्हाला कळत होतं, आक्का. मला गोड वाटत नाही हे सगळं तुम्हाला कळत होतं, आणि तरी दर वेळी तुम्ही मला कडी आणायची आहे, फाटा आणायचा आहे असंच सांगत राहिलात. तुम्हालाही माझ्यासारखंच वाटलं असेल, सामानाचं कारण नसेल तर ही माझ्यासोबत कशाला येईल. एकदा तरी म्हणायचं होतंत, शोभा, आज काही आणायचं नाही, चल, तापीच्या पुलावर जाऊन येऊ.

मी लगेच चपला घातल्या असत्या.